दम धरा... पण जोडीने!



सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख सबमिशनच्या आठवड्यात दम धरण्याबद्दल नाही. त्या विषयावर या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. हा लेख खराखुरा दम धरण्याबद्दल आहे. म्हणजे छातीत श्वास भरून, तोंड मिटून पाण्याखाली जाण्याबद्दल. (मी पडले कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची काळजी संपादक मंडळाने घ्यावी, ही नम्र विनंती.)

आपल्या जलतरण तलावावर वर्ष-दीड वर्षापासून एक नवीन फॅड आलं आहे. मोबाईलवर फ्रीडायव्हिंगचे व्हिडिओ सगळेच बघतात. निळंशार पाणी, पायात लांबलचक फिन्स, एकटाच माणूस दोरीच्या कडेने खाली खाली चाललाय, मागे संथ संगीत... हे बघून रविवारी संध्याकाळी पैजा लागतात. पाण्याखालून, एकदाही डोकं वर न काढता दोन लेंथ. हरणाऱ्याने नाईट कँटीनला सगळ्यांना मॅगी द्यायची. मी गेल्या मे महिन्यात अंदमानला दोन दिवसांचा फ्रीडायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करून आले, हे वर्गात कळल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : "ए, ब्लॅकआउट होऊ नये म्हणून काही इमर्जन्सी टेक्निक असते ना? ती सांग की!"

असते. एक नाही, पाच-सहा आहेत. पण गंमत अशी की ज्याची शुद्ध हरपणार असते, त्याच्या स्वतःच्या हातात त्यातल्या फार थोड्या असतात. आणि ज्या असतात, त्यातल्या बहुतेक पाण्यात उतरण्याच्या आधी करायच्या असतात. राहिलेल्या सगळ्या दुसऱ्याच्या हातात! हे उत्तर कोणालाच आवडत नाही. मुलांना एखादी गुप्त युक्ती हवी असते. दुर्योधनाला जलस्तंभन विद्या येत होती म्हणून तो म्हणे डोहात लपून बसला होता. तसलं काहीतरी. तर तसलं काही नाही. का नाही, ते जरा सविस्तर सांगते.

आपल्याला वाटतं की श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून. चूक! कासावीस होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे. मेंदूतला अलार्म कार्बन डायऑक्साईडवर वाजतो. ऑक्सिजन किती उरला हे सांगणारी भरवशाची घंटा शरीरात जवळजवळ नाहीच म्हटलं तरी चालेल. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगायचं तर, गाडीला पेट्रोलचा काटाच नाही. सायलेन्सरमधून निघालेला धूर किती साठला त्यावरून टाकीत पेट्रोल किती उरलं याचा अंदाज घ्यायचा, अशी ही रचना. एरवी ती छान चालते, कारण धूर आणि पेट्रोल यांचं गणित ठरलेलं असतं.

आता आपली पोरं बुडी मारण्याआधी काय करतात? काठावर उभं राहून दहा-पंधरा वेळा जोरजोरात श्वास घेतात आणि सोडतात. त्यांना वाटतं, आपण जास्तीचा ऑक्सिजन भरून घेतोय. पण नेहमीच्या शांत श्वासातही आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलंच असतं! भरलेल्या बादलीत नळ कितीही सोडा, बादली तेवढीच. जोरजोरात श्वासांनी होतं ते एवढंच, की कार्बन डायऑक्साईड धुऊन निघतो. म्हणजे पेट्रोल तेवढंच आणि धूर मात्र साफ. मग पाण्याखाली गेल्यावर अलार्म उशिरा वाजतो, किंवा वाजतच नाही. "आज मला काहीच त्रास झाला नाही, आरामात दीड लेंथ गेलो," असं जो सांगतो तो चांगला पोहलेला नसतो, त्याचा अलार्म बंद पडलेला असतो. हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्रेग या संशोधकाने १९६१ सालीच यावर शोधनिबंध लिहिला आणि १९७६ साली पाण्याखाली शुद्ध हरपल्याच्या ५८ घटना एकत्र मांडल्या. आपल्या तलावाच्या काठापर्यंत मात्र ते अजून पोहोचलेलं दिसत नाही.

जाता जाता एक. आपल्याकडे भस्त्रिका आणि कपालभाती घरोघरी शिकवतात. सतरंजीवर बसून जरूर करा. माझी आजी रोज करते. पण ते करून लगेच पाण्यात उतरू नका. पाण्याच्या दृष्टीने तो तोच प्रकार आहे, नाव फक्त संस्कृत आहे.

तलावात ही एवढीच भानगड असते. समुद्रात आणखी एक येते, आणि ती इंजिनिअरिंगच्या मुलांना समजायला अजिबात अवघड नाही. पाण्यात दर १० मीटरला दाब एक ॲटमॉस्फिअरने वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. फुप्फुसातल्या हवेवर तेवढाच दाब येतो, आणि ऑक्सिजनचा आंशिक दाबही त्याच पटीत वाढतो. (डाल्टनचा नियम अकरावीत पाठ केला होता, आठवतोय का?) समजा एक डायव्हर २० मीटरवर आहे आणि त्याच्या फुप्फुसात ५ टक्केच ऑक्सिजन उरलाय. पृष्ठभागावर ५ टक्के म्हणजे ३८ मिलिमीटर पारा. पण तो वीस मीटरवर असल्याने त्याच्या तिप्पट, म्हणजे ११४. जमिनीवर बसून हा लेख वाचताना तुमच्या फुप्फुसात ढोबळमानाने १०० असतो. म्हणजे खाली असताना तो तुमच्या-माझ्यापेक्षाही मजेत! मेंदूला काही तक्रार नाही. मग तो वर निघतो. वर येताना पाय मारावे लागतात, त्यात आणखी थोडा ऑक्सिजन खर्च होतो, ५ टक्क्यांचे ४ होतात. आणि पृष्ठभागाजवळ हा आकडा येतो ३० वर. साधारण याच्याच आसपास माणसाची शुद्ध जाते.

वीस ते दहा मीटर येताना दाब एक तृतीयांशाने कमी होतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये मात्र तो थेट निम्मा होतो. म्हणून धोका तळाशी नसतो, तो वर असतो, जिथे ऊन दिसायला लागतं आणि माणूस मनात म्हणतो, "झालंच!" बरेचदा तर डोकं पाण्याबाहेर आल्यावर, एक-दोन श्वास घेतल्यावर शुद्ध जाते, कारण घेतलेला श्वास फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. तोपर्यंत मेंदूकडे येणारं रक्त जुनंच असतं.

आता टेक्निक. आधी स्वतःच्या हातातल्या. पहिली म्हणजे वर सांगितलेले जोरजोरात श्वास घ्यायचेच नाहीत. शांत, पोटातून, नेहमीसारखे श्वास आणि शेवटी एक पूर्ण श्वास. दुसरी, दोन बुड्यांमध्ये विश्रांती. पाण्याखाली जितका वेळ काढला त्याच्या निदान दुप्पट वेळ वर काढायचा, खोल गेलात तर त्याहून जास्त. तिसरी वजनाची. फ्रीडायव्हर कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. तो असा बेतायचा की दहा मीटरवर तुम्ही तरंगतही नाही आणि बुडतही नाही. त्याच्यावर आलात की पाणी तुम्हाला आपोआप वर ढकलतं. म्हणजे नेमक्या धोक्याच्या पट्ट्यात शुद्ध गेली तरी शरीर वर येतं. जास्त वजन बांधलं की खाली जाणं सोपं होतं, म्हणून हौशी लोक जास्त बांधतात. आणि तेच वजन मग त्यांना खाली ठेवतं.

पाण्यात असताना लक्षात आलं की आज काहीतरी बिनसलंय, पाय शिशासारखे जड झालेत, तर त्याच क्षणी वळायचं. ठरवलेली खोली गेली खड्ड्यात! वर येताना मान वर करून पृष्ठभाग शोधायचा नाही, कारण मान ताणली की सगळं शरीर आखडतं आणि घाईही वाढते. हवा पाण्यातच सोडून द्यायची नाही, कारण तिच्यातला उरलासुरला ऑक्सिजनही जातो आणि तरंगण्याची ताकदही. आणि अगदीच वाटलं की पोहोचत नाही, तर पट्टा सोडून द्यायचा. तो एका हाताने, एका झटक्यात सुटेल असाच बांधतात. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, पट्टा दुकानात परत मिळतो. तरीही पट्टा सोडायचा हे ऐनवेळी सुचत नाही म्हणे. म्हणून आमच्याकडून तो मुद्दाम दहा-दहा वेळा सोडून घेतला होता.

वर आल्यावर जे करायचं तेच खरं तर 'इमर्जन्सी टेक्निक' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला म्हणतात हूक ब्रीदिंग. दम तुटल्यावर आपण काय करतो? "हाऽऽ" करून सगळी हवा बाहेर टाकतो. नेमकं तेच करायचं नाही. त्याने छातीतला दाब एकदम उतरतो. आधी पटकन श्वास आत घ्यायचा, मग घसा बंद करून दोन-तीन सेकंद छाती आणि पोट आवळून धरायचं, जणू जड ट्रंक उचलताय. मग थोडीशीच हवा सोडायची आणि लगेच परत श्वास आत. असं तीन-चार वेळा, आणि त्यानंतरही अर्धा मिनिट मोठे श्वास चालू ठेवायचे. लढाऊ विमानांचे वैमानिक जोरात वळण घेताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये म्हणून असाच जोर लावतात. ही सवय आहे, युक्ती नाही. प्रत्येक बुडीनंतर केली तरच गरजेच्या वेळी आपोआप होते. आणि काठाला किंवा तरंगत्या बोयाला धरूनच करायची, अधांतरी नाही.

बस्स. तुमच्या हातात एवढंच. पट्टा आणि हूक ब्रीदिंग दोन्ही तुम्ही शुद्धीवर असाल तरच उपयोगाचं. आणि ब्लॅकआउटचा खरा दगाबाजपणा इथेच आहे. तो येताना कळत नाही. अंधारी, चक्कर, मुंग्या काही असेलच असं नाही. उलट कधी कधी छान वाटतं. पंखा बंद करावा तसा माणूस बंद होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या हिवाळ्यात आपल्याच तलावात, आपल्यातल्याच एकाबरोबर हे झालं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या घरी अजून माहीत नाही. पैज लागलेली होती. त्याने काठावर खूप श्वास ओढले, उडी मारली, पहिली लेंथ सहज झाली, वळला. दीड लेंथच्या आसपास त्याचे हात थांबले. तो तसाच पाण्याखाली सरकत राहिला. काठावर आम्ही दहा-बारा जण होतो. अर्ध्यांना वाटलं स्टाईल मारतोय. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. त्याच्या विंगमधल्या एकाला मात्र काय वाटलं कोण जाणे, तो शर्ट-पँटसकट पाण्यात गेला आणि त्याला उलटा करून वर घेऊन आला. ओठ निळे पडले होते. काही सेकंदांनी त्याने मोठ्ठा श्वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "झाल्या का दोन?" त्याला वाटत होतं तो अजून पोहतोय. त्याच्यासाठी मधलं काही घडलंच नव्हतं. पाच फूट पाण्यात, दोन्ही पाय टेकतील एवढ्या पाण्यात! मला तो प्रश्न अजून ऐकू येतो.

म्हणून आता दुसऱ्याच्या हातातल्या टेक्निक, ज्या माझ्या मते खऱ्या आहेत. पहिला नियम, एक खाली तर एक वर. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही. वरच्याचं काम फक्त बघणं. मोबाईल नाही, गप्पा नाहीत, व्हिडिओ तर नाहीच. खोल पाण्यात तो अर्ध्या वाटेत खाली जाऊन जोडीदाराला भेटतो आणि त्याच्यासमोर तोंड करून वर येतो. आणि जोडीदार वर आला म्हणजे काम संपलं नाही, पुढचा अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर काढायची नाही. ओठांचा रंग बघायचा, नजर हरवलीय का बघायचं, हातपाय थरथरतायत का बघायचं. या थरथरीला फ्रीडायव्हर लोक 'सांबा' म्हणतात, ब्राझीलच्या नाचावरून. म्हणजे शुद्ध जायच्या उंबरठ्यावर आहे. अशा वेळी त्याला धरायचं, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि "श्वास घे, श्वास घे" असं ओरडायचं.

पाण्याखाली शुद्ध गेलीच, तर एका हाताने त्याची हनुवटी वर दाबून तोंड बंद ठेवायचं, दुसरा हात डोक्यामागे, आणि थेट वर. शुद्ध गेल्यावर बरेचदा घसा आपोआप काही वेळ बंद राहतो, म्हणून पाणी लगेच आत जात नाही. आपल्याला मिळालेला वेळ तो एवढाच. वर आणल्यावर मास्क काढायचा, डोकं मागे, आणि तीन गोष्टी : डोळ्यांखाली गालांवर फुंकर, गालावर चापट्या, आणि नावाने हाक. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण चेहऱ्याच्या त्वचेला हवा जाणवली की शरीराला कळतं आपण पाण्याबाहेर आलो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच श्वास सुरू होतो. दहा सेकंदांत नाही झाला, तर नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्यायचे. तरीही नाही, तर बाहेर काढून सीपीआर, आणि दुसऱ्याने १०८ला फोन. बुडालेल्या माणसाला फक्त छातीवर दाब पुरत नाही, श्वासही द्यावे लागतात. आणि कृपा करून पोट दाबून पाणी काढणं, उलटं लटकवून गरगर फिरवणं हे प्रकार करू नका. गावाकडे विहिरीवर हे सर्रास करतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

कोणाला वाटेल, हे सगळं नवशिक्यांसाठी. मुरलेल्यांना काय गरज? तर नतालिया मोल्चानोवा हे नाव ऐका. रशियाची. एका श्वासात, स्वतःच्या ताकदीवर पोहत १०० मीटरच्या खाली जाणारी पहिली स्त्री, २००९ साली १०१ मीटर. नुसता श्वास रोखून पडून राहण्यात २०१३ साली ९ मिनिटं २ सेकंद! चाळीसहून अधिक विश्वविक्रम. २ ऑगस्ट २०१५ ला स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ ती शिकवायला गेली असताना, स्पर्धा नाही, विक्रम नाही, सहज म्हणून एक बुडी मारली. तिच्या मानाने ती बुडी म्हणजे अंगणात चक्कर मारण्यासारखी होती. ती परत आली नाही. देहही सापडला नाही.

उलट स्पर्धांचं बघा. १९९२ साली स्थापन झालेल्या आयडा या संघटनेच्या स्पर्धांमध्ये लोक शंभर मीटरच्या खाली जातात, आणि तिथे ब्लॅकआउट ही नवलाची गोष्ट नाही. तरीही तिथला पहिला मृत्यू झाला तो २०१३ साली, बहामाजमध्ये, निकोलस मेवोली या अमेरिकन डायव्हरचा, आणि तोही फुप्फुसाला इजा होऊन. हे कसं काय? कारण तिथे खेळाडू दोरीला जोडलेला असतो आणि वाटेत सुरक्षा डायव्हर ठरलेल्या खोलीवर थांबलेले असतात. वर आल्यावर १५ सेकंदांत चेहऱ्यावरचा मास्क किंवा क्लिप काढून, खूण करून, "आय ॲम ओके" म्हणावं लागतं, नाहीतर बुडी बाद! मला हा नियम फार शहाणा वाटतो. खोलीचे गुण नाहीत, शुद्धीवर परत येण्याचे गुण आहेत.

हे जोडीदाराचं काम किती अवघड आहे, तेही लपवत नाही. २०१७च्या जुलैमध्ये इजिप्तमधल्या दाहाबच्या ब्लू होलमध्ये अलेस्सिया झेक्किनी ही इटालियन डायव्हर पाण्याखालची कमान पार करत होती. ती बाहेर आल्यावर दोरी तिला सापडेना. तिचा सुरक्षा डायव्हर स्टीफन कीनन तिथे पोहोचला आणि तिला वर घेऊन आला. ती वाचली. तो मात्र वर येताना स्वतः बेशुद्ध झाला आणि लांबवर पाण्यावर पालथा सापडला. तेव्हा पैजेच्या वेळी "मी आहे ना" असं जो सहज म्हणतो, त्याने हे माहीत करून घ्यावं.

आणि नियम पाळणारे म्हणजे घाबरट, असं ज्यांना वाटतं त्यांनी दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचे फोटो बघावेत. साठ-सत्तर वर्षांच्या आज्ज्या समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढतात, सिलिंडरशिवाय, पोटासाठी. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. त्या घोळक्याने जातात. वर आल्यावर श्वास सोडताना त्यांच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघतो, त्याला त्या सुंबिसोरी म्हणतात. मला वाटतं, शेजारणीला त्यातून आपोआप कळत असणार, ही वर आली.

असो. आता आपल्या कॉलेजकडे येते.

त्या हिवाळ्यातल्या प्रसंगानंतर तलावावर फलक लागला : 'पाण्याखाली श्वास रोखण्यास सक्त मनाई आहे. ५०० रु. दंड.' व्यवस्थापनाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर त्या रात्री मीही काहीतरी लावलंच असतं. पण फलकाचं पुढे काय झालं? रेक्टर सर, आपल्याला ठाऊक नसेल तर नम्रपणे सांगते. पैजा बंद झाल्या नाहीत, जागा बदलली. आता मुलं मागच्या जुन्या दगडखाणीत जातात. तिथे पाणी हिरवं आहे, हातभर खालचं दिसत नाही, कठडा नाही, लाइफगार्ड काका नाहीत. तलावात ज्याने उडी मारून वाचवलं त्याला निदान तो दिसला तरी होता!

स्टाफरूममध्ये एका सरांशी मी याबद्दल बोलले. ते म्हणाले, "अगं, शिकवलं तर ही पोरं जास्तच करतील." यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कोर्स करून आल्यावर माझा स्वतःचा आत्मविश्वास वाढला होता हे खरंय. पण शिकवणं म्हणजे दम वाढवायला शिकवणं, असं मी म्हणतच नाहीये. दोन मिनिटांवरून तीन मिनिटांवर कसं जायचं हे कोणी शिकवू नये, मीही सांगणार नाही. शिकवायचं ते काठावरच्याला. ज्याला पोहता येतं आणि जो बघत उभा आहे त्याला. लॅबमध्ये आपण हाय व्होल्टेजला हात लावू नका असं सांगतो, पण शॉक लागलेल्याला कसं सोडवायचं हेही सांगतो ना? तेव्हा कोणी म्हणत नाही, आता पोरं मुद्दाम शॉक घेतील.

पैजेच्या बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूने आहे. अंतराची पैज लावली की माणूस शरीराचं ऐकेनासा होतो. पोटाला आचके बसायला लागले की वर यायचं, हे त्याला कळत असतं, पण काठावर दहा जण आकडे मोजत असतात. मॅगीची प्लेट केवढ्याची? तेव्हा पैज नको, एकट्याने नको, आणि उडीआधीचे ते भात्यासारखे श्वास तर मुळीच नकोत. बाकी श्वास रोखून पाण्यात जाणं ही फार सुंदर गोष्ट आहे हो. अंदमानला बारा मीटरवर मी पहिल्यांदा दोरी धरून थांबले, तेव्हा इतकी शांतता होती की स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. वर बघितलं (बघायचं नसतं, तरी बघितलं!) तर माझी जोडीदारीण माझ्याकडे एकटक बघत तरंगत होती. कोणी आपल्याकडे एवढं लक्ष देऊन बघत असण्याची सवयच नसते आपल्याला.

तर मागणी साधी आहे. प्रथम वर्षाच्या मुलांना ओरिएंटेशनच्या आठवड्यात तलावावर अर्धा तास द्या. कार्बन डायऑक्साईडचं गणित दहा मिनिटांत होतं, फुंकर-चापटी-हाक पाच मिनिटांत, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने एकदा तरी दुसऱ्याला पाण्यातून काठावर आणून दाखवायचं. मुलींच्या वेळेतही, कारण 'मुली असलं काही करत नाहीत' हा गैरसमज आहे. फलकावर दंडाच्या रकमेखाली ही तीन कामं चित्रांसहित रंगवा. रंगाचा खर्च आमच्या विंगने काढायचं कबूल केलं आहे. जिमखान्याकडे तसा अर्ज आम्ही १८ जणांच्या सह्यांनी दिलाय. लाइफगार्ड काकांना विचारलं, तर ते एका पायावर तयार आहेत, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की वरून लेखी आणा. ते लेखी अजून यायचंय.